शेऱ्याचा रकाना

यावोर्ये, २० सप्टेंबर २०१९

नेवेना,

तुझं पत्र मिळालं. सोळा वर्षांनी आलं आणि त्यात तू मला 'आपण' म्हटलंस. 'आपण १९७८ पासून यावोरका नदीवरील मोजपट्टीचे निरीक्षक आहात. सर्व मूळ नोंदवह्या २२ ऑक्टोबरच्या सुनावणीत सादर करणे आवश्यक आहे.' खाली सही, सहीखाली पदवी, पदवीखाली ल्युब्लियानाच्या संस्थेचा शिक्का. तुझ्या स्तानिया आत्याने मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाली, "दादा, ही तुझी पोरगी आहे की कोर्टाचा बेलिफ?"

मी बरा आहे. तू विचारलेलं नाहीस, तरी सांगतो. उजवा गुडघा कुरकुरतो, म्हणून पुलापर्यंत उतरायला पंचवीसऐवजी पस्तीस मिनिटं लागतात, पण सातच्या ठोक्याला मी पट्टीपाशी असतो. आज पाणी २९ सेंटिमीटर होतं. तू सात वर्षांची असताना सप्टेंबरात ते ५५ असायचं आणि तुझ्या कमरेला लागायचं. त्या कंपनीला आपली नदी नऊ किलोमीटर पाइपात घालून वीज करायची आहे. माझे आकडे घेऊन तू दाखवलंस की बर्फ लवकर वितळतं, उन्हाळ्यातलं पाणी चाळीस वर्षांत निम्म्यावर आलंय, आणि पाइपाला द्यायला ऑगस्टमध्ये नदीत काही उरतच नाही. हे वाचून गाव खूश आहे. मीही आहे.

वह्यांचं म्हणशील तर एक्केचाळीस भरल्या, बेचाळिसावी चालू आहे. भरलेल्यांपैकी चाळीस देता येतील. एक उंदरांनी खाल्ली. कुठल्या सालची ते माळ्यावर चढून बघायला हवं, आणि माझा गुडघा माळ्यावर चढू देत नाही.

जलखात्याला आकडे तर दर महिन्याला टपालाने पाठवतच आलो, तिथून ते तुम्हाला मिळालेच आहेत. मग मूळ वह्या कशाला हव्यात?

मिलुतिन, निरीक्षक
(तू 'आपण' म्हणतेस तर मीही हुद्दा लावतो.)


यावोर्ये, ३० सप्टेंबर

नेवेना,

दोन ओळींची चिठ्ठी आली. 'कंपनीच्या तज्ज्ञांनी खास २००३ची वही मागितली आहे. ती उंदरांनी खाल्लेली नाही अशी आशा आहे.' टोमणा पोचला. माझीच लेक आहेस.

उंदीर खोटे होते. यावोर्यात उंदीर आहेत, पण आपल्या घरात मांजरही आहे. वही जागेवर आहे.

काल पेताकोच्या दुकानात गेलो तर सगळे उठून उभे राहिले. त्याने ग्लासात राकिया ओतली आणि वर्तमानपत्र पुढे सरकवलं. तुझ्या अहवालातला उतारा छापून आलाय. तो मी तीनदा वाचला. 'या नोंदींची विश्वासार्हता वादातीत आहे. निरीक्षकाने एक्केचाळीस वर्षांत एकही दिवस रिकामा सोडलेला नाही. पत्नीच्या मृत्यूच्या सकाळीसुद्धा त्याने सात वाजताची नोंद चुकवली नाही.'

पेताको म्हणाला, "मिलुतिन, लोखंडाचा माणूस तू! देसांका गेली त्या दिवशीसुद्धा! त्या पाइपवाल्यांच्या तोंडावर फेक हे."

बाकीच्यांनी टेबल बडवलं. मी ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला. म्हणालो, पोट बिघडलंय.

आईच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला तू ह्याच गोष्टीसाठी मला जे बोललीस ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. लोक जेवत होते. दाराजवळच्या फळीवरून वही काढून तू उघडलीस, १९ फेब्रुवारीची ओळ बघितलीस, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलंस. आपल्याकडे माणूस गेलं की घड्याळ थांबवतात. ते सात वाजून पाच मिनिटांवर थांबलेलं होतं. वहीत सात वाजता ३७. पूल घरापासून पंचवीस मिनिटांवर. तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "आई एकटी मेली. तुम्ही पाणी मोजत होतात. आणि वर घड्याळाचे काटे फिरवून ठेवलेत, लोकांना वाटावं की तुम्ही जवळ होतात." तू संध्याकाळच्या बसने गेलीस ती गेलीसच.

आणि आता तीच गोष्ट माझ्या कौतुकाची म्हणून छापलीस. मला राग नाही. माफ केलं नाहीस तरी उपयोग करून घेतलास, नदीसाठी घेतलास, चांगलं केलंस.

फक्त ते एक वाक्य काढता येईल का? बायकोच्या मृत्यूचं. बाकीचं राहू दे.

मिलुतिन


यावोर्ये, ८ ऑक्टोबर

नेवेना,

वाक्य का काढायचं असं तू विचारलंस. खासगी बाब आहे, एवढंच मी लिहिणार होतो. पण काल कंपनीचे तज्ज्ञ येऊन गेले. डॉक्टर विदाक. गोड माणूस. बूट दाराबाहेर काढले, स्तानियाच्या हातचं बेल्मुझ मागून दुसऱ्यांदा घेतलं आणि म्हणाले, मक्याचं पीठ आणि चीज इतकं एकजीव झालेलं आजीनंतर आत्ताच खाल्लं. मग पिशवीतून एक आलेख काढून माझ्यासमोर पसरला.

"मिलुतिनकाका, खाली पिरोतच्या वाटेवर दुसरी मोजपट्टी आहे, माहीत आहे ना? १४ फेब्रुवारी २००३ला दक्षिणेचा उबदार वारा सुटला. बर्फ वितळलं. खालच्या पट्टीवर पाणी एका दिवसात एक मीटर तीस सेंटिमीटर चढलं. आणि तुमच्याकडे त्या दिवशी ३७. दुसऱ्या दिवशी ३७. तिसऱ्या दिवशी ३७. वर नदी झोपलेली आणि खाली पूर, हे कसं?"

मी म्हणालो, "बर्फ अडलं असेल."

"मुलीनेही अहवालात तसंच म्हटलंय. बर्फाचा अडसर. हुशार आहे. पण भर सभेत मी विचारलं की अडसर कुणी पाहिला, तर काय सांगेल? नोंदी वादातीत आहेत असं तिने लिहून दिलंय, सहीनिशी." मग त्यांनी आवाज खाली आणला. "तुमचं वय झालंय. वही हरवली असं दोन ओळीत लिहून द्या. मूळ वही नाही म्हटल्यावर नोंदी बाजूला ठेवल्या जातील, कुणाला खोटं ठरवायची वेळ येणार नाही. मुलीचं नाव शाबूत राहील."

"आणि नदी?"

"नदीचं काय, काका. पाणी वाहतंच राहणार. पाइपातून वाहील."

स्तानिया चुलीपाशी पाठ करून उभी होती. ती वळली. "डॉक्टर, खाल्लंत ना पोटभर? मग आता बूट घाला. माझ्या हातात कालथा आहे आणि माझा हात हल्ली थरथरतो, कुठे पडेल सांगता येत नाही."

तो गेल्यावर ती मला म्हणाली, "दादा, तू एवढा पांढरा का पडलायस?" मी तिला बाहेर शेळ्यांकडे पाठवलं, २००३ची वही फळीवरून काढली आणि चुलीत घातली.

घातली आणि लगेच हात घालून बाहेरही काढली. पुठ्ठा करपलाय, माझी दोन बोटंही भाजलीत, म्हणून अक्षर असं आहे. आतली पानं धड आहेत. स्तानिया आत आली, तिला वास आला, तिने वही बघितली, माझी बोटं बघितली, आणि लोणी लावता लावता म्हणाली, "सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. तुझा हात जळला तरी तोंड उघडत नाही. कुणाला काय सांगायचंय ते एकदा सांगून टाक."

तुला सांगायचंय. चार दिवस दे. बोटं बरी होऊ देत.

मिलुतिन


यावोर्ये, १२ ऑक्टोबर

नेवेना,

३ फेब्रुवारी ते १९ फेब्रुवारी २००३, सतरा दिवस, मी पट्टीपाशी गेलो नाही. ते सतरा आकडे मी घरात बसून लिहिले.

आता सुचेल तसं सांगतो, मध्ये थांबलो तर पुन्हा लिहिणार नाही.

जानेवारीच्या शेवटी आईला फुप्फुसाचं दुखणं जडलं. रस्ता बर्फाने बंद. स्तानिया निशला सुनेच्या बाळंतपणाला गेलेली. तुला फोन करतो म्हणालो तर आई म्हणाली, "तिची परीक्षा होऊ दे. मी काही लगेच जात नाहीये." २ फेब्रुवारीला मी नेहमीसारखा पुलावर गेलो, पट्टी वाचली, परत आलो, तर ती खाटेखाली पडलेली होती. पाणी प्यायला उठली होती म्हणे. किती वेळ पडून होती ते तिलाही सांगता आलं नाही. मी तिला उचललं तेव्हा तिचे पाय दगडासारखे गार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोट चढवला तर तिने माझी बाही धरली. "मिलुतिन, पाणी कुठे पळून जातंय का? मी जाईन कदाचित." मी कोट काढून ठेवला.

नियम मीच तुला शिकवलेला आहे. आठवतो? पट्टी वाचताना गुडघ्यावर बसायचं, डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा, उभ्याने वाचलेला आकडा धरायचा नाही. न पाहिलेलं लिहायचं नाही. गेलो नाही तर रकान्यात रेघ मारायची आणि शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहायचं. सात वर्षांची होतीस तेव्हा बोट नाचवत हे म्हणून दाखवायचीस.

मला रेघ मारवली नाही. पंचवीस वर्षं एकही रेघ नव्हती. खात्यातले लोक दुसऱ्यांना माझ्या वह्या दाखवायचे, हे बघा असं काम हवं म्हणायचे. मला वाटलं, हिवाळ्यात यावोरका हलत नाही, ३८ होती, ३८च असणार, फार तर ३७. मी ओळखतो हिला. आईच्या उशाशी बसून लिहिलं, ३८. उद्या जाईन म्हटलं. रोज उद्या म्हटलं.

मग १४ला तो वारा सुटला. मला घरातून ऐकू येत होतं, नेवेना. बर्फ फुटत होतं, नदी घोंघावत होती, खिडकीच्या काचा हलत होत्या. आई म्हणाली, "किती मोठं आलंय ना?" आणि मी वहीत ३७ लिहिलं. मोठा आकडा लिहायचा धीर झाला नाही. लहान आकडा कुणी तपासत नाही, मोठा तपासतात. एकदा ३७ लिहिल्यावर पुढेही ३७च लिहावं लागलं. पंचवीस वर्षांतला सगळ्यात मोठा पूर दारातून गेला आणि माझ्या वहीत त्याची नोंद नाही. माझ्या धंद्यात ह्याहून मोठं पाप नाही.

१९ तारखेला पहाटेपासून तिचे पाय माझ्या मांडीवर होते, मी ते चोळत होतो. सात वाजून पाच मिनिटांनी ती गेली. मी उठून घड्याळ थांबवलं. नंतर, बायका आंघोळ घालायला आल्या तेव्हा मला बाहेर बसवलं, वही हाताशी होती, आणि सवयीने मी लिहिलं, सात वाजता ३७.

चाळिसाव्याला तुझ्यासमोर वही होती आणि घड्याळ होतं. दोहोंपैकी एक खोटं होतं. तू वहीवर विश्वास ठेवलास, कारण वहीवरच ठेवायचा असं मी तुला शिकवलं होतं. मी एका वाक्यात सांगू शकलो असतो. वही खोटी आहे एवढंच म्हणायचं होतं. माझ्याने म्हणवलं नाही. बाईल मरताना पाणी मोजत बसलेला बाप चालेल, पण खोटा आकडा लिहिणारा निरीक्षक नको, असं त्या क्षणी वाटलं. मग तू गेलीस, आणि दर वर्षी सांगणं जास्त कठीण होत गेलं. घड्याळाला मी पुन्हा चावी दिलेली नाही. माझ्याकडे तेवढाच एक साक्षीदार आहे.

तू अहवालात 'वादातीत' लिहिलंस ते माझ्यामुळे खोटं ठरणार आहे. अजून दहा दिवस आहेत. हे पत्र सुनावणीच्या समितीला दे, सतरा दिवस काढून टाक, माझं नाव घाल. ते तू करावंस असं मला वाटतं. आणि त्याची भीतीही वाटते.

बाबा


यावोर्ये, २१ ऑक्टोबर

नेवेना,

तुझं उत्तर आलं नाही. विदाकचा फोन दोनदा आला, मी उचलला नाही.

उद्या सकाळच्या बसने सुनावणीला पिरोतला येतोय. बेचाळीस वह्या दोन पोत्यांत भरल्यात, स्तानिया बरोबर आहे, ती म्हणते एक पोतं ती उचलणार. उद्याची सातची नोंद होणार नाही, बस साडेसहाची आहे. रकान्यात रेघ मारून ठेवलीय. शेऱ्यात लिहिलंय, 'सुनावणीला गेलो.' माझ्या आयुष्यातली पहिली रेघ. फूटपट्टी लावून मारली, नीट आली.

तू माझं पत्र समितीला दिलं असशील वा नसशील. दिलं नसशील तर मी उभं राहून सांगणार आहे. तुला तिथे तोंडघशी पडल्यासारखं होईल. तयारीत राहा म्हणून आधी कळवतोय, जरी हे पत्र तुला वेळेत मिळणार नाही हे मला माहीत आहे.

बाबा


यावोर्ये, २८ ऑक्टोबर

नेवेना,

जे घडलं ते तूही पाहिलंस, तरी माझ्या बाजूने लिहून ठेवतो. नोंद ठेवायची खोड आहे.

मी उभा राहिलो तेव्हा तू कागदांकडे बघत होतीस. मी सांगितलं, सतरा दिवस, तारखांसकट. विदाक उठला, आणि त्याचा गोडवा तसाच होता. "काकांच्या प्रामाणिकपणाला नमस्कार. पण माझा साधा प्रश्न आहे. सतरा दिवस घरी बसून लिहिले, तर उरलेले पंधरा हजार दिवस पुलावर जाऊन लिहिले हे कशावरून?"

मागे आपलेच लोक बसले होते. पेताको मान खाली घालून टोपी चुरगाळत होता. मला वाटलं, संपलं. नदी गेली, पोरीचं नाव गेलं, आणि दोन्ही माझ्या हाताने गेलं.

तेव्हा तू उठलीस. सोळा वर्षांत माझ्याशी बोललेलं तुझं पहिलं वाक्य, "निरीक्षक, २००३ची वही उघडा. दोन फेब्रुवारीचा शेरा वाचा."

मी वाचला. "'काठाला बर्फ. पट्टीवर खंड्या बसलेला, मला बघून उडाला नाही.'"

"तीन फेब्रुवारीचा?"

"शेरा नाही."

"चार?"

"नाही."

तू एकोणीसपर्यंत एकेक तारीख विचारलीस. प्रत्येक वेळी मला 'नाही' म्हणावं लागलं. मग म्हणालीस, "वीस?"

"पाणी ९४. 'देसांका गेली. पाणी गढूळ. पट्टीला फांदी अडकली होती, काढली.'"

तू समितीकडे वळलीस. म्हणालीस, "महिन्याच्या तक्त्यात फक्त आकडे येतात, शेरे वहीतच राहतात, म्हणून आज वही चाळेपर्यंत मला हे दिसलं नाही, आणि ३७वरून ९४ची उडी दिसली तेव्हा मी तिला बर्फाचं कारण चिकटवलं, ती माझी चूक. एक्केचाळीस वर्षांत हा माणूस शेऱ्याशिवाय राहिलेला नाही. कुठलीही तारीख काढून बघा."

खरं सांगू? माझ्या स्वतःच्या हे कधी लक्षात आलं नव्हतं. खोटा आकडा लिहिता आला, पण न पाहिलेल्या दिवसाचा शेरा मला सुचलाच नाही.

अध्यक्षबाईंनी पोत्यातून हवी ती वही काढली. १९९१, मार्च: 'गारा. छत्री मोडली.' १९७९, जून: 'मेंढ्या पाण्यात, हाकलल्या, मग वाचलं.' १९८८, ९ जुलै: 'नेवेना बरोबर. तिनेच वाचलं, मी फक्त लिहिलं.' ही शेवटची वाचताना बाई थांबल्या आणि तुझ्याकडे बघून हसल्या. तू हसली नाहीस. खालच्या पट्टीच्या आकड्यांशी त्यांनी चाळीसेक दिवस ताडून पाहिले, सगळे जुळले. सतरा दिवस बाद, बाकीच्या नोंदी ग्राह्य, परवानगी स्थगित, कंपनीने आधी दोन वर्षं स्वतः पाणी मोजावं. आणि वहीतली दुरुस्ती नियमाप्रमाणे अहवाल लिहिणाऱ्या तज्ज्ञाने करावी, असा हुकूम. तू वही पिशवीत टाकलीस आणि माझ्याशी न बोलता निघून गेलीस. स्तानिया मला बसमध्ये म्हणाली, "रडायचं तर घरी रड, इथे ड्रायव्हर बघतोय."

काल आपली स्लावा होती, आपल्या घराण्याच्या संत पेत्काचा सण. स्लावेला कुणाला बोलवायचं नसतं, ज्याला यायचं तो येतो, म्हणून मी तुला बोलावलं नव्हतं. तू आलीस. मेणबत्ती लागली होती, पाव कापायचा होता, कुणीतरी दुसऱ्या बाजूने धरायला हवा होता, तू पुढे होऊन धरलास. जेवलीस. स्तानियाला म्हणालीस, "आत्या, मीठ जास्त झालंय." ती म्हणाली, "सोळा वर्षं साठलेलं आहे, एकदम पडलं." घड्याळासमोर तू बराच वेळ उभी होतीस. मी पाठीमागे होतो, मला तुझा चेहरा दिसला नाही. मग वही फळीवर ठेवलीस आणि दोनच्या बसने गेलीस. दारात म्हणालीस, "बाबा, गुडघा दाखवून घ्या." मी हो म्हणालो.

तू गेल्यावर वही उघडली. तुझी दुरुस्ती पाहिली. शिकवलं होतं तशीच आहे, लाल शाई, एकच रेघ, खालचा आकडा वाचता येतो, शेजारी सही. सतरा रेघा, सतरा सह्या. 'वरीलप्रमाणे' लिहून भागलं असतं, पण तू शेऱ्याच्या रकान्यात प्रत्येक दिवशी पुन्हा पूर्ण लिहिलंयस, 'निरीक्षक घरी होता.' सोळा वेळा.

एकोणीस तारखेपुढे लिहिलंयस, 'निरीक्षक घरी होता. घड्याळ बरोबर होतं.'

ते वाचून मी खूप वेळ रडलो, स्तानियाने बघितलं, बघू दे. आज सकाळी पुलावर जाऊन आलो, पाणी ४१. परत आल्यावर घड्याळाला चावी दिली. चालतंय. सोळा वर्षं बंद होतं म्हणून थोडं मागे पडतंय, तेवढं रोज पुढे करीन.

बाबा